डांबर, धोंडे आणि पाठभेद : अक्रोपोलिस रॅलीच्या मार्गाविषयी

ग्रीसमधील अक्रोपोलिस रॅली ही मोटारींची शर्यत १९५१ पासून, मधली काही वर्षे वगळता, भरत आली आहे. तिच्या मार्गाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण अशी उभी राहते, की ह्या शर्यतीला एक असा मार्गच नाही. दर वर्षी आयोजक नकाशा नव्याने मांडतात. गेल्या वर्षीचा एखादा टप्पा गळतो, वीस वर्षांपूर्वीचा एखादा परत येतो, तिसरा उलट्या दिशेने धावला जातो आणि चौथ्याचे केवळ नाव जुने राहून रस्ता निराळाच निघतो. पोथ्यांच्या अभ्यासकाला ही परिस्थिती परिचयाची वाटेल. एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती समोर आहेत, प्रत्येकीत काही गळले आहे, काही प्रक्षिप्त आहे, काही लेखनिकाने आपल्या सोयीने बदलले आहे. आणि ज्या मूळ संहितेपासून ह्या साऱ्या प्रती निघाल्या असे आपण मानतो, ती संहिता कधी अस्तित्वात होती का, अशी शंका काम पुढे सरकेल तशी बळावत जाते.

हे पाठभेद कोणी आणि का केले, हा ह्या लेखाचा विषय आहे. मोटारशर्यतींत ज्यांना रस नाही अशा वाचकांनीही त्याकडे पाहावे, ह्याचे कारण असे की त्या उत्तरात विसाव्या शतकातील ग्रीसच्या डोंगराळ प्रदेशाचा इतिहास दडलेला आहे. तो इतिहास राजधानीत लिहिल्या गेलेल्या इतिहासापेक्षा वेगळा आहे आणि काही ठिकाणी त्याच्याशी भांडणाराही आहे.

रॅली म्हणजे काय, हे आरंभी थोडक्यात सांगायला हवे. ही बंदिस्त मैदानात गोल फिरण्याची शर्यत नव्हे. प्रत्येक मोटारीत दोन माणसे असतात, एक चालक आणि दुसरा सहचालक. मोटारी एकामागून एक, काही मिनिटांच्या अंतराने सुटतात आणि घड्याळाशी स्पर्धा करतात. ज्या भागांत वेळ मोजला जातो, ते ‘विशेष टप्पे’ वाहतुकीला तेवढ्यापुरते बंद केलेल्या रस्त्यांवर असतात. एका टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मात्र ट्रक आणि बस ह्यांच्या सोबतीने, वाहतुकीचे नियम पाळून कापायचे असते. म्हणजे शर्यतीचा रस्ता हा गावकऱ्यांचा रोजचाच रस्ता असतो. वर्षातले दोन दिवस तो दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि मग पुन्हा शेळ्यांच्या कळपांचा, लाकूडवाल्यांच्या ट्रकांचा आणि मधमाश्यांच्या पेट्या वाहून नेणाऱ्या टेम्पोंचा होतो.

शर्यतीच्या नावात एक विसंगती पहिल्यापासून आहे. अक्रोपोलिस ही अथेन्समधली टेकडी. तिच्यावरचे पार्थेनॉन हे घडीव, रेखीव, पांढऱ्या संगमरवराचे. प्रमाण आणि संयम ह्यांचे जगभर मान्य झालेले प्रतीक. ह्या टेकडीच्या पायथ्याशी समारंभपूर्वक शर्यतीचा आरंभ करण्याची प्रथा पडली आणि छायाचित्रांतून ती जगाला परिचित झाली. परंतु शर्यतीचा निकाल तिथे लागत नाही. तो लागतो दूर उत्तरेला आणि वायव्येला, पार्नासोस, ग्योना, ईती आणि कालिद्रोमो ह्या डोंगरांच्या उतारांवर, जिथला चुनखडीचा दगड अनघड, धारदार आणि टायर फाडणारा आहे. नाव संगमरवराचे आणि परीक्षा चुनखडीची, ही दुभंगलेली अवस्था शर्यतीच्या साऱ्या इतिहासात टिकून राहिली आहे. राजधानी आणि डोंगर ह्यांच्यामधले नातेच त्या अवस्थेतून व्यक्त होते.

आरंभीचे वर्ष ध्यानात घ्यावे. १९५१. जर्मन ताबा १९४४ मध्ये संपला होता, आणि १९४६ ते १९४९ ह्या काळात ग्रीसमध्ये यादवी युद्ध झाले होते. ह्या दोन्ही काळांत डोंगर हा प्रतिकाराचा आणि मग बंडाचा प्रदेश होता. पुढे लामिया हे शहर अनेक वर्षे रॅलीचे केंद्र राहिले; त्याच्या दक्षिणेला काही मैलांवर गोर्गोपोतामोसचा रेल्वेपूल आहे, जो नोव्हेंबर १९४२ मध्ये ब्रिटिश सैनिक आणि एरवी परस्परांचे वैरी असलेले दोन ग्रीक गनिमी गट ह्यांनी मिळून उडवून दिला. त्याहून पश्चिमेला कोरिस्खादेस ह्या खेड्यात मे १९४४ मध्ये डोंगरातल्या तात्पुरत्या शासनाची राष्ट्रीय परिषद भरली होती. ज्या वाटांवरून गनिमांचे निरोपे चालले, त्याच वाटांवर यादवीत माणसे मारली गेली आणि गावे रिकामी केली गेली. अशा प्रदेशात यादवी संपून दोन वर्षे होतात न होतात तोच एका मोटारक्लबाने शर्यत भरवावी, ह्याला निव्वळ हौस म्हणता येणार नाही.

हा क्लब म्हणजे ‘एल्पा’, १९२४ मध्ये स्थापन झालेली ग्रीसची मोटार आणि पर्यटन संस्था. शर्यतीला ‘अक्रोपोलिस’ हे नाव पुढे लवकरच रूढ झाले. त्या आधीच्या चार वर्षांत अमेरिकी मदतीने ग्रीसचे महामार्ग, बंदरे आणि रेल्वेमार्ग पुन्हा उभे राहात होते. युद्धात बुजवला गेलेला कोरिंथचा कालवा १९४८ मध्ये जहाजांसाठी खुला झाला होता. त्या मदतीमागे शीतयुद्धाचे गणित होते आणि रस्त्यांमागे लष्कराची गरज होती, हे आता उघड आहे. ह्या पार्श्वभूमीवर शर्यतीच्या जुन्या नकाशांकडे पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ उलगडतो. पन्नाशीच्या दशकातील रॅली ही दीर्घ पल्ल्याची होती. रात्रंदिवस गाडी हाकत देशाचा मोठा भाग पालथा घालायचा, ठराविक वेळी ठराविक ठिकाणी हजेरी द्यायची, आणि अधूनमधून घाटात किंवा सपाटीवर वेगाची परीक्षा द्यायची, असे तिचे स्वरूप होते. एका बाजूला पेलोपोनीज, दुसऱ्या बाजूला थेसली आणि मॅसिडोनिया. पूर्वी जिथे जाणे धोक्याचे होते तिथे आता परदेशी पाहुणा मोटारीने जाऊ शकतो, देश पुन्हा सांधला गेला आहे, असे तो नकाशा सांगत होता. हा मार्गाचा पहिला पाठ. त्याचा लेखनिक राज्यसंस्था होती.

पाहुणे खरोखरच आले. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या वाल्टर शॉकने मर्सिडीझमधून ही शर्यत जिंकली आणि १९६० मध्ये पुन्हा जिंकली. १९६२ आणि १९६३ मध्ये ऑयगेन ब्योरिंगरने, तोही जर्मन आणि त्याचीही गाडी मर्सिडीझच. मध्ये १९६१ मध्ये स्वीडनचा एरिक कार्ल्सन साबमधून जिंकला. ह्या यादीत क्रीडाप्रेमींना केवळ पराक्रम दिसतील. परंतु १९६० हे वर्ष दुसऱ्या एका कारणानेही लक्षात ठेवावे लागते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात ग्रीस आणि पश्चिम जर्मनी ह्यांच्यात मजूर-भरतीचा करार झाला, आणि पुढच्या बारा-तेरा वर्षांत डोंगराळ खेड्यांतील तरुण मोठ्या संख्येने जर्मन कारखान्यांकडे निघाले. ज्या वळणावर जर्मन मोटार धुळीचा लोट उठवत गेली, त्याच वळणावरून गावातला मुलगा बोचके घेऊन खाली बसथांब्याकडे उतरला. तो पुन्हा कायमचा राहायला परतला नाही, आला तो उन्हाळ्यापुरता. ह्या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. परंतु रस्ता तोच होता, आणि रस्ता येणाऱ्याला आणतो तसा जाणाऱ्याला नेतोही, हे मात्र खरे आहे.

एप्रिल १९६७ मध्ये लष्करी कर्नलांनी सत्ता बळकावली. शर्यत त्या वर्षीही झाली आणि आयर्लंडच्या पॅडी हॉपकर्कने छोट्याशा मिनी कूपरमधून ती जिंकली. हुकूमशाहीला असे उत्सव हवेच असतात. डोंगराळ भागातील शेतकऱ्यांची कर्जे माफ करणे, खेड्यांपर्यंत रस्ते आणि वीज नेणे हा त्या राजवटीच्या लोकानुनयाचा भाग होता. स्थैर्याचे चित्र जगाला दाखवणे हा दुसरा भाग. २८ मार्च १९६९ रोजी नोबेल पारितोषिक विजेते कवी योर्गोस सेफेरिस ह्यांनी दीर्घ मौन सोडून राजवटीविरुद्ध निवेदन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी रॅली नेहमीप्रमाणे भरली आणि फिनलंडचा पाउली तोइव्होनेन पोर्शमधून विजयी झाला. एकाच वर्षातल्या ह्या दोन घटना शेजारी ठेवून शर्यतीला दोषी ठरवण्याचा हेतू नाही. खेळाडू आले, खेळले आणि गेले. परंतु ‘डोंगरातला रस्ता’ ही गोष्ट निरागस नसते, तिच्यामागे कोणाची तरी मर्जी आणि कोणाचा तरी हिशेब असतो, हे त्या वर्षांत विशेष स्पष्टपणे दिसते.

१९७३ मध्ये जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि अक्रोपोलिस तिच्या पहिल्याच वर्षाच्या वेळापत्रकात होती. पुढच्या वर्षी, तेलटंचाईच्या काळात, ती भरली नाही. १९७५ मध्ये परतली तेव्हा जर्मनीच्या वाल्टर रोर्लने तिथे आपला पहिला जागतिक विजय मिळवला. दरम्यान तिच्या मार्गाचे तत्त्व पालटले होते. देश सांधून दाखवण्याची गरज उरली नव्हती. आता वेळ मोजल्या जाणाऱ्या टप्प्यांना महत्त्व आले, आणि ते टप्पे कच्च्या रस्त्यांवर असावेत हे ठरून गेले. पूर्वीचे स्पर्धक देशात जसा असेल तसा रस्ता वापरत होते. तो कच्चा असे, कारण बहुतेक रस्ते कच्चेच होते. आता आयोजकांना कच्चा रस्ता शोधावा लागू लागला. ही निवड होती, आणि तिच्यातून मार्गाचा दुसरा पाठ सिद्ध झाला.

इथपासून पुढचा इतिहास हा डांबराच्या पाठलागाचा इतिहास आहे. एखाद्या खेड्याला जोडणारा रस्ता डांबरी झाला की तो टप्पा शर्यतीतून गळतो, किंवा त्याचा डांबरी तुकडा कापून उरलेला भाग दुसऱ्या वाटेला जोडला जातो. १ जानेवारी १९८१ रोजी ग्रीस युरोपीय समुदायात दाखल झाला. त्यानंतरच्या दशकांत समुदायाचा निधी ग्रामीण भागात आला आणि त्याचा एक भाग रस्त्यांच्या पृष्ठभागावर पसरला. गावकऱ्यांनी त्यासाठी अर्ज केले होते, मतांचे सौदे केले होते, वाट पाहिली होती. बर्फात अडकलेली रुग्णवाहिका, धुळीने भरलेले घर, दर हिवाळ्यात वाहून जाणारी वाट हे ज्यांचे नित्याचे आयुष्य, त्यांना डांबर म्हणजे कविकल्पनेपेक्षा मोठी गोष्ट होती. शर्यत मात्र त्यामुळे आणखी वर, आणखी आत सरकली. जंगलखात्याच्या वाटा, धनगरांच्या उन्हाळी कुरणांकडे जाणाऱ्या वाटा आणि खाणींच्या वाटा, हे तिचे उरलेले आश्रयस्थान.

खाणींचे उदाहरण बोलके आहे. रॅलीच्या नामांकित टप्प्यांपैकी एकाचे नाव सरळ ‘बॉक्साइट’ असे आहे. पार्नासोस आणि ग्योना ह्यांच्या परिसरात १९३० च्या दशकापासून अ‍ॅल्युमिनियमचे हे खनिज काढले जाते, आणि १९६६ मध्ये कोरिंथच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर त्यासाठी मोठा कारखाना सुरू झाला. डोंगराच्या पोटातून तांबडी माती खाली बंदराकडे नेण्यासाठी जे रुंद, अवजड वाहनांचे रस्ते कोरले गेले, त्यांतले काही पुढे शर्यतीच्या कामी आले. बाकी बहुतेक टप्पे गावांच्या नावाने ओळखले जातात. हा एक टप्पा गावाच्या नव्हे, खनिजाच्या नावाने ओळखला जातो. त्या डोंगरावर रस्ता का आला, ह्याचे उत्तर त्या नावातच दिले गेले आहे.

परंतु गावांच्या नावांकडेही वळायला हवे, कारण साहित्याच्या वाचकाला ही टप्प्यांची यादी वेगळ्याच कारणाने थांबवून ठेवते. एलाटिया हा टप्पा घ्या. प्राचीन एलाटिया हे फोकिस प्रांतातले, डेल्फीखालोखाल मोठे नगर होते असे दुसऱ्या शतकातील प्रवासी पौसानियास नोंदवतो. इसवी सनापूर्वी ३३९ मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपने ते घेतले. ती बातमी संध्याकाळी अथेन्सला पोचली आणि नगरात केवढी खळबळ उडाली, ह्याचे वर्णन डेमोस्थेनिसच्या ज्या भाषणात येते, ते वक्तृत्वाच्या इतिहासात अग्रस्थानी मानले जाते. एलाटिया पडले म्हणजे अथेन्सकडे येणारा रस्ता उघडा पडला, एवढाच त्या भयाचा अर्थ होता. ग्राविया घ्या. तिथल्या एका खानावळीवजा सराईत मे १८२१ मध्ये ओदिसेआस आंद्रुत्सोस मूठभर साथीदारांनिशी तुर्की सैन्याला अडवून राहिला, आणि त्या सराईचे नाव ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाच्या पाठ्यपुस्तकांत कायमचे गेले. इथेही रस्ता अडवण्याचाच प्रश्न होता.

२०२१ च्या शर्यतीत ‘थीवा’ नावाचा टप्पा होता. थीवा म्हणजे जुने थीब्ज, इडिपसचे नगर. थीब्ज आणि डेल्फी ह्यांच्यामधल्या प्रदेशात, दाउलिसकडून येणारी वाट जिथे मिळते त्या तिठ्यावर, इडिपसने आपल्या बापाला ओळख नसताना ठार मारले, असे सोफोक्लीसच्या नाटकात येते. त्या वधाचे कारण काय होते? अरुंद रस्ता, समोरून आलेला रथ, आणि बाजूला कोणी व्हायचे ह्यावरून झालेली बाचाबाची. पाश्चात्त्य शोकात्मिकेचा एक आद्य प्रसंग वाहतुकीच्या तंट्यातून निघतो, ही गोष्ट आपण नाटक शिकवताना सहसा अधोरेखित करीत नाही. नियती, अज्ञान आणि अहंकार ह्यांवर बोलतो. रस्त्याच्या रुंदीवर बोलत नाही. हा डोंगराळ प्रदेश नकाशावर पाहिला म्हणजे मात्र असे वाटू लागते, की त्या कथेला तो अरुंद रस्ता अपरिहार्य होता. सपाट, रुंद प्रदेशात ती घडली नसती.

पौसानियासचा उल्लेख वर आला. त्याने ग्रीसचे वर्णन दहा पुस्तकांत लिहिले आणि त्याची मांडणी रस्त्यांच्या आधारे केली. अमुक नगरातून निघालात की डाव्या हाताला हे देऊळ, पुढे ही भग्न भिंत, मग हा झरा. त्याच्या काळात ग्रीस रोमचा अंकित होता आणि त्याने पाहिलेली बरीच नगरे ओस पडली होती. रस्ता हाच त्याच्या लेखनाचा व्याकरणिक कणा आहे. रॅलीतल्या सहचालकाची वही ही ह्याच जातीची, परंतु अत्यंत आटलेली रचना आहे. शर्यतीपूर्वी दोघे जण टप्प्यावरून सावकाश फिरतात. चालक प्रत्येक वळणाचे वर्णन सांगतो, सहचालक ते खुणांच्या भाषेत लिहून घेतो. पूर्वी ह्या पाहणीसाठी संघ आठवडेच्या आठवडे डोंगरात मुक्काम ठोकून असत. आता नियमाने मोजक्याच फेऱ्या मिळतात. शर्यतीच्या वेळी सहचालक ते टिपण मोठ्याने, पुढच्या वळणाच्या थोडे आधी वाचतो. दगड कुठे आहे, उतार कुठे सुरू होतो, कुठे वळण आत आवळत जाते. ह्या लेखनात विशेषणाला जागा नाही आणि चुकीला क्षमा नाही. वाचनाचा क्षण अर्ध्या सेकंदाने चुकला तर अर्थच बदलतो. संहिता आणि तिचा प्रयोग ह्यांच्यातले अंतर इतके कमी असलेला दुसरा वाचनप्रकार शोधावा लागेल.

आणि ह्या प्रयोगात रस्ताही बदलत जातो. बहुतेक टप्पे एकाच दिवशी दोनदा धावले जातात. पहिल्या फेरीत पुढे सुटणारी मोटार वरची सैल खडी बाजूला झाडत जाते; तिला पकड मिळत नाही, मागच्यांना स्वच्छ झालेली रेघ मिळते. जागतिक स्पर्धेत गुणांनी आघाडीवर असलेला चालक प्रथम सुटतो, म्हणजे यशाची शिक्षा म्हणून त्याला झाडूचे काम मिळते. दुसऱ्या फेरीपर्यंत खडी गेलेली असते आणि खालचे मूळ धोंडे वर आलेले असतात. चाकोऱ्या खोल झालेल्या असतात, आणि वारा पडलेला असला तर धूळ हवेतच लटकून राहते. सकाळी लिहिलेला पाठ दुपारी शिळा झालेला असतो. ही शर्यत गाड्या मोडणारी म्हणून ख्यात झाली ती ह्या दुसऱ्या वाचनामुळे. तिथे निव्वळ वेगवान माणूस टिकत नाही. कुठे हात आखडावा हे ज्याला कळते तो टिकतो. १९८२ मध्ये फ्रान्सची मिशेल मूतों आउडी क्वात्रोमधून इथे जिंकली, तेव्हा तिच्या विजयाची चर्चा स्त्री म्हणून अधिक झाली; ह्या धोंड्यांवर गाडी शाबूत राखण्याचे तिचे कसब त्या चर्चेत झाकले गेले. स्कॉटलंडच्या कॉलिन मॅक्रेने १९९६ ते २००२ ह्या काळात पाच वेळा ही शर्यत जिंकली. बेभान चालक अशी ज्याची प्रसिद्धी, त्याच्या नावावर इथले सर्वाधिक विजय असावेत, हे त्या प्रसिद्धीचा फेरविचार करायला लावणारे आहे.

स्थानिक चालकांविषयी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. ग्रीक चालकांत टोपणनावाने उतरण्याची प्रथा होती आणि निकालपत्रांत ‘सिरोको’, ‘जिगर’, ‘यावेरिस’ अशी नावे सापडतात. ह्यांपैकी ‘यावेरिस’ हे व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’मधील जावेर ह्या पोलीस अधिकाऱ्याच्या नावाचे ग्रीक रूप होय. पाठलाग हेच ज्याचे आयुष्य, त्या पात्राचे नाव निकालपत्रात वाचायला मिळावे, ह्यात एक मिस्कील औचित्य आहे.

तिसरा पाठ १९९० च्या दशकात घडू लागला, आणि त्याचा लेखनिक दूरचित्रवाणी हा होता. जागतिक संघटनेने शर्यतींची लांबी, दुरुस्तीची ठिकाणे आणि रात्रीचे टप्पे ह्यांवर मर्यादा घातल्या. दुरुस्तीचा एकच मोठा तळ असावा आणि त्याभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखे टप्प्यांचे फेरे असावेत, अशी रचना रूढ झाली. देश पालथा घालणारी रेषा आक्रसून एका केंद्राभोवतीचे वर्तुळ झाली. केंद्र कधी लामिया, कधी कोरिंथच्या आखाताकाठचे इतेआ, कधी लुत्राकी. २०१२ मध्ये टप्प्यांची एकूण लांबी ४०० किलोमीटरांहून थोडी अधिक होती. २०२१ मध्ये १५ टप्पे मिळून ती सुमारे २९२ किलोमीटर भरली. ह्याच काळात शर्यत उलट दिशेने शहराकडेही ओढली गेली. २००४ च्या ऑलिंपिकसाठी सजलेल्या अथेन्सच्या स्टेडियममध्ये २००५ साली एक प्रेक्षणीय टप्पा आखण्यात आला, आणि २०२२ मध्ये तो प्रयोग तिथेच पुन्हा झाला. स्टेडियममधल्या मातीच्या वळणांना गाव नव्हते, उतार नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी ती वळणेही नव्हती. प्रेक्षकांना मात्र सारे दिसत होते. डोंगरातल्या प्रेक्षकाला पहाटे चढून जावे लागते, तासन् तास बसावे लागते आणि त्याच्या वाट्याला प्रत्येक मोटारीची पाच-सहा सेकंदे येतात.

मग आर्थिक अरिष्ट आले. २०१० पासून ग्रीसवर कर्जाच्या अटींचे सावट होते. २०१३ नंतर अक्रोपोलिस जागतिक स्पर्धेतून बाहेर पडली, काही वर्षे युरोपीय स्पर्धेत तग धरून राहिली, आणि २०१९ व २०२० मध्ये भरलीच नाही. २०२१ मध्ये, स्वातंत्र्ययुद्धाच्या द्विशताब्दीच्या वर्षी, ती सरकारी पाठबळाने जागतिक स्पर्धेत परतली. फिनलंडचा वीस वर्षांचा काले रोव्हानपेरा जिंकला. पुनरागमनाच्या नकाशात जुनी नावे मुद्दाम आणली होती; त्यांत लामियाच्या वायव्येचा ‘टारझन’ हा डोंगराळ टप्पाही होता. १९५१ मध्ये राज्यसंस्थेने मार्गातून जे सांगितले होते, जवळपास तेच सत्तर वर्षांनी पुन्हा सांगितले जात होते. देश सावरला आहे, या.

परंतु डोंगर त्या निवेदनाशी पूर्ण सहमत नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात लुत्राकीजवळच्या गेरानिया डोंगरातले पाइनचे विस्तीर्ण जंगल जळाले होते, आणि सप्टेंबरमध्ये पहिल्या दिवसाचे टप्पे त्याच डोंगराच्या परिसरात होते. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, ज्या आठवड्यात शर्यत होती त्याच आठवड्यात डॅनियल वादळाने शेजारच्या थेसलीचे सपाट मैदान पाण्याखाली घातले. माणसे गेली, जनावरे गेली, रस्ते आणि पूल गेले. शर्यत पार पडली आणि रोव्हानपेरा पुन्हा जिंकला. येणाऱ्या काळात मार्ग ठरवणारा चौथा लेखनिक हवामान असेल, अशी चिन्हे ह्या दोन घटनांत दिसतात. आग लागलेला किंवा वाहून गेलेला रस्ता कोणत्याही समितीच्या संमतीविना नकाशातून गळतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्या शर्यतीची लांबी, दिशा, केंद्र, ऋतू आणि रस्ते हे सारे बदलले, ती तीच शर्यत आहे असे कशाच्या आधारावर म्हणायचे? नावाच्या आधारावर म्हणणे सोपे आहे, पण नाव तर राजधानीच्या टेकडीचे. रसिकांना विचाराल तर ते धोंड्यांकडे बोट दाखवतील. कठीण, निर्दय, न सुधारलेला रस्ता हाच अक्रोपोलिसचा आत्मा, असे शर्यतीविषयीच्या लेखनात वारंवार म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. तरीही त्या विधानात एक गैरसोयीची गोष्ट दडलेली आहे. ज्याला रसिक आत्मा म्हणतो त्याला गावकरी उपेक्षा म्हणतो. शर्यतीचा नकाशा म्हणजे डांबर कुठे पोचले नाही ह्याची दर वर्षी अद्ययावत केली जाणारी नोंद होय. तिथली गावे पाहिली तर मोठ्या प्रमाणात म्हाताऱ्यांची आहेत. पुष्कळ घरे ऑगस्ट महिन्यात उघडतात आणि मग वर्षभर कुलूपबंद असतात. जिथे माणसे उरली नाहीत तिथे डांबर मागणारा आवाजही उरत नाही, आणि मग रस्ता शर्यतीसाठी सुरक्षित राहतो.

अवशेषांविषयीच्या आपल्या प्रेमात नेहमीच ही गोम असते. जुनी बोली, जुनी ओवी, जुना वाडा, आणि इथे जुना कच्चा रस्ता; त्याचे जतन व्हावे असे म्हणणारा बहुधा तिथे राहत नसतो. ह्याचा अर्थ प्रेम खोटे असते असा नाही. वर्षातून एकदा का होईना, त्या गावांची नावे जगातल्या लोकांच्या तोंडी येतात, खानावळी उघडतात, शर्यतीच्या निमित्ताने वाटेवर रोलर फिरतो. मात्र प्रेम करणाऱ्याने आपल्या आवडीची किंमत कोण मोजतो, हे माहीत करून घ्यावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

टारझनचा टप्पा ज्या दिशेला आहे, त्या बाजूच्या डोंगररांगेचे नाव आग्राफा. ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘न लिहिलेले’ असा होतो. परंपरेने त्याचे स्पष्टीकरण असे दिले जाते, की ही गावे इतकी दुर्गम आणि हट्टी होती की तुर्की अंमलात त्यांची नावे करवसुलीच्या वह्यांत चढलीच नाहीत. वहीत नाव नसणे हे त्या काळी स्वातंत्र्य होते. पुढे तेच दारिद्र्य ठरले, कारण रस्त्यांच्या आणि शाळांच्या वहीतही नाव उशिरा चढले. आता त्या बाजूच्या एखाद्या वाटेचे प्रत्येक वळण परदेशी सहचालकाच्या वहीत खुणांनी टिपले जाते, मोठ्याने वाचले जाते, आणि पुढच्या वर्षी मार्ग बदलला की ती वही बाद होते. त्या गावात हिवाळाभर राहणाऱ्या माणसाला ह्यांपैकी कोणत्या वहीत आपले नाव असावे असे वाटत असेल, हे त्यालाच विचारायला हवे.